तिसरी वायर

१

बुधवार, अठरा नोव्हेंबर. सकाळी धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही. पत्र्याखाली गारठा.

वहीत एवढं लिहून त्याने पेन खिशाला लावलं आणि बॉनेट उचललं. गाड्यांचं वायरिंग करणारा हा माणूस कुठल्या शाळेत शिकलेला नव्हता. जे आलं ते बघून, चुकून आणि लिहून ठेवून आलं. तारीख, हवा, गाडी, बिघाड, उपाय, असं वीस वर्षं रोज लिहीत आल्यामुळे लोक त्याला वहीवाला म्हणत. त्याच्या कामात खोट निघत नसे, पण काम चाललेलं बघायला कोणी उभंही राहत नसे.

त्याच्या साडूचं काम बघायला मात्र लोक उभे राहत. साडूचं नातं म्हणजे एकाच दुकानातून घेतलेल्या दोन छत्र्या. पाऊस आला की कोणाची गळते ते सगळ्या घराला कळतं. थोरला साडू याच धंद्यातला. त्याचा हात हलका, जीभ गोड, आणि बंद पडलेली गाडी त्याच्या नुसत्या सावलीने चालू होते अशी ख्याती. गेल्या वर्षी तो झोपेतच गेला. मागे बायको राहिली, अंगणापलीकडचं घर राहिलं, ही शेड राहिली, आणि शेडमध्ये त्याची स्वतःची जुनी गाडी, अर्धवट. बॅटरी चार्ज करणारा मूळचा डायनॅमो काढून त्याने त्याजागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवला होता, पण तारा जोडायच्या राहून गेल्या होत्या.

"ही गाडी चालू झालेली मला बघायची आहे," ताई म्हणाली होती. ताई म्हणजे साडूची बायको, वहीवाल्याच्या बायकोची थोरली बहीण. "शनिवारी चारला येईन. इंजिन लागल्यावर चार्जिंगचा लाल दिवा विझला, तर शेड तुमची. नाहीतर खटपट्या मागतोयच. टायर ठेवायचेत म्हणे त्याला."

खटपट्या हा साडूचा जुना भागीदार. वहीवाला पन्नाशीला आला तरी दुसऱ्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात, एका फळीवर काम करत होता. स्वतःचं छप्पर मिळण्याची ही पहिली वेळ होती, आणि बहुधा शेवटची.

अल्टरनेटरच्या पाठीमागे तीन वायरी लोंबत होत्या. एक जाड, ती बॅटरीची; त्यात शंका नव्हती. बारीक दोन. त्यातली एक डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची आणि दुसरी अल्टरनेटरला बॅटरीची खबर देणारी. कधीकाळी त्यांना रंग असतील. आता दोन्ही उकळून उरलेल्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या.

अशा वेळी ओळख पटवायची रीत दोन माणसांची असते. एकाने आत बसून किल्ली फिरवायची आणि लाल दिव्यावर नजर ठेवायची. दुसऱ्याने पुढे उभं राहून एकेका वायरीचं टोक गाडीच्या अंगाला टेकवून बघायचं. टेकवताच दिवा लागला, तर ती दिव्याची वायर. मात्र बॅटरीची खबर देणारी वायर अंगाला टेकली तर फ्यूज जातो. म्हणून आधी तपासणीचा छोटा दिवा, टेस्टलॅम्प, लावायचा, तो किल्ली बंद असतानाही पेटत असेल तर त्या वायरीला हात लावायचा नाही. हे त्याने करून घेतलं होतं. उरलेल्या वायरीची खात्री तेवढी करायची होती, आणि तो एकटाच होता.

तो आत बसला. किल्ली फिरवली. आता उठून पुढे जायचं, वायर टेकवायची, धावत येऊन दिवा बघायचा. माकडउड्या नुसत्या. दार उघडायला त्याने हात लावला.

तोच लाल दिवा लागला.

विझला. पुन्हा लागला, विझला. दोनदा. "हीच ती" हे सांगायला पुढचा माणूस दोनदा टेकवतो, तसा.

२

तो उठून पुढे गेला. शेडमध्ये कोणी नव्हतं. दिव्याची वायर त्याने स्वतः टेपने होजपाइपला बांधून ठेवली होती. टेप जागेवर होती. वायरीच्या टोकापासून सगळ्यात जवळचं लोखंड चार बोटांवर होतं. त्याने पट्टी लावून मोजलं. सव्वातीन इंच.

जुनी गाडी आहे, त्याने स्वतःला सांगितलं. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी तार सोललेली असेल. किल्ली फिरवताना हलली असेल. पण ती दोनदाच का हलावी? त्याने ते वहीत लिहिलं नाही.

एक वाजता बायको डबा घेऊन आली. शेड बहिणीच्या अंगणातच असल्यामुळे ती इथे माहेरपणाला आल्यासारखी वावरत असे.

"झालं का?"

"लग्न करतोय का मी? झालं का, म्हणे. तीन दिवस आहेत अजून."

"दाजींना एवढा वेळ लागला नसता," ती सहज म्हणाली. तिच्या तोंडी दाजी म्हणजे तो थोरला साडू. "मी धरू का बॅटरी? आत अंधार आहे नुसता."

तिने हातबॅटरी उचललीही. बॉनेटखाली उजेड असा पाडला की तो नेमका वायरींच्या मुळाशी पडला, त्याच्या डोळ्यांत नाही, आणि हाताची सावलीही मध्ये आली नाही. चांगले शिकलेले लोकही उजेड असा धरत नाहीत. हे धरणं शिकवावं लागतं, आणि शिकणाऱ्याच्या मनगटाला धरून शिकवावं लागतं.

"कुठे शिकलीस?"

"लग्नाआधी ताईकडे नव्हते का राहत दोन वर्षं? दाजींना मीच धरायचे. म्हणायचे, तुझ्यासारखा उजेड कोणी धरत नाही." ती हसली. "तुम्ही कधी धरूच दिला नाहीत."

"ठेव ती खाली."

"अहो, पण..."

"मला माझा उजेड पुरतो."

तिने बॅटरी फळीवर ठेवली, डबा उघडून मांडला आणि निघून गेली. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, असं म्हणतात. जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं.

३

गुरुवारी त्याने तीनही वायरींना पांढऱ्या टेपचे तुकडे लावून आकडे घातले. एक, दोन, तीन. हा त्याचा नियम होता: आधी ओळख, मग आकडा, मग जोडणी, आणि मध्ये एक जेवण. जेवून आल्यावर माणसाला आपली चूक दुसऱ्याची असल्यासारखी स्वच्छ दिसते.

तो एक वाजता अंगणातल्या नळावर हात धुवायला गेला, ताईच्या ओट्यावर बसून जेवला आणि दीडला परत आला.

वायरी जोडलेल्या होत्या.

टोकांना थिंबलं, म्हणजे नटाखाली बसणाऱ्या पितळी कड्या, बसवलेली, नट आवळलेले, आणि तिन्ही वायरी एकत्र करून मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या, दर दोन बोटांवर एक गाठ. दोऱ्याने बांधायची ही पद्धत कधीच मागे पडली होती. आता सगळे प्लास्टिकची पट्टी ओढतात. साडू तेवढा शेवटपर्यंत दोरा वापरायचा. पांढऱ्या टेपचे तीन तुकडे काढून चाकावरच्या पत्र्यावर, फेंडरवर, ओळीने चिकटवून ठेवले होते, उलट क्रमाने. तीन, दोन, एक.

तो तडक ताईच्या दारात गेला. "शेडची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. ही काय, भिंतीवर." ताई तांदूळ निवडत होती. "का हो?"

"खटपट्या आला होता?"

खटपट्या कोपऱ्यावरच्या दुकानात सापडला, पाय पसरून, चहाची बशी फुंकत. "मी? मी येऊन तुमचं काम करून जाईन? अहो वहीवाले, मी माझं काम करत नाही, ते सोडून तुमचं करू?" सगळे हसले. मग तो जरा वाकला. "चांगलं केलंय का पण?"

वहीवाला वळून शेडकडे चालू लागला.

काम चांगलंच होतं. त्याने एकेक वायर पुन्हा तपासली. किल्ली बंद, किल्ली चालू, टेस्टलॅम्प, मीटर. जाड वायर बरोबर. दिव्याची बरोबर. खबरीची बरोबर. नट एवढेच आवळले होते की अजून पाव फेरा दिला तर जास्त व्हावेत. त्याला स्वतःला असं एकदाच जमलं होतं, आणि ते कोणी पाहिलं नव्हतं.

किल्ली फिरवायची, इंजिन लावायचं, ताईला हाक मारायची. संपलं असतं. शेड त्याची झाली असती.

तो फळीपाशी गेला, ब्लेड घेतलं आणि दोऱ्याच्या गाठी एकेक करून कापल्या. मग नट सोडले.

संध्याकाळी वहीत लिहिलं: जोडणी बरोबर होती. उसवली. कोणी केली ते कळलं नाही. हे शेवटचं वाक्य खोटं आहे असं त्याला लिहितानाच वाटत होतं. दोरा, गाठ, हात. एवढं सगळं ओळखीचं असताना 'कळलं नाही' कसं म्हणायचं? पण मग दुसरं काय लिहायचं, तेही त्याला सुचेना.

४

शुक्रवारी थिंबलं संपली म्हणून तो साडेबाराला दुकानात गेला. दुकानदाराने गप्पा लावल्या, सुट्टे शोधले, पुन्हा गप्पा लावल्या. परत यायला पावणेदोन झाले.

बायको शेडच्या दारातून बाहेर येत होती. पदराने मनगट पुसत होती आणि चेहरा असा होता की तो थबकला. असा चेहरा त्याने लग्नाच्या फोटोत पाहिला होता, आणि तिथेही ती फोटोवाल्याकडे बघत होती.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, "एकदाची तुम्ही मला बॅटरी धरू दिलीत."

त्याने हातातली थिंबलांची पुडी खिशात घातली.

"आणि काय हात चालत होता आज तुमचा! खरं सांगते, राग येऊ देऊ नका, पण मला वाटलं नव्हतं तुमचा हात असा हलका असेल. इतकी वर्षं तुम्ही मला दाखवलाच नाहीत."

"किती वेळ धरलीस?"

"अर्धा तास तरी. असं काय विचारताय? तुम्हीच होतात ना समोर." ती हसली. "बाहेर कधी पडलात, कळलंच नाही. आता हात धुवून या, डबा गार झाला."

"मी कुठे उभा होतो?"

"बॉनेटच्या पलीकडे. माझ्या समोर."

"तोंड दिसलं?"

"बॉनेटखाली वाकलेल्या माणसाचं तोंड दिसतं का? हातच दिसतात." मग तिने आवाज जरा खाली आणला. "एक शब्द बोलला नाहीत, तेही बरंच केलंत. नुसतं बोटाने सांगत होतात, इकडे धर, आता तिकडे. मला सगळं कळत होतं."

त्याने तिच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं, तिच्या चपलेकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याला एवढंच म्हणायचं होतं: मी नव्हतो. दोन शब्द. पण ते म्हटले असते तर तिच्या चेहऱ्यावरचं ते सगळं दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. न म्हणता ते निदान त्याच्या नावावर राहत होतं.

"उद्या पण ये," तो म्हणाला.

आत वायरी जोडलेल्या होत्या. गाठी नव्या होत्या. त्याने त्या कापल्या.

५

शनिवार. आभाळ भरलेलं, पाऊस नाही. पत्र्याला लावलेल्या काचेतून येणारा उजेड दुधासारखा.

साडेबारापर्यंत त्याने कशालाही हात लावला नाही. वायरी मोकळ्या लोंबत होत्या. बॉनेट पूर्ण वर होतं. मग तो गाडीत जाऊन बसला, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि सीटवर खाली घसरून बसला, डोकं स्टिअरिंगच्या पातळीला आणून. बॉनेट वर असलं की आत बसलेल्याला समोर पत्र्याची भिंत दिसते. फक्त खालच्या कडेला, काचेसमोर, आडवी फट राहते. हात-दीड हात लांब आणि तीन बोटं उंच. त्या फटीतून इंजिनाची मागची बाजू दिसते आणि काम करणाऱ्याची कोपरापर्यंतची बाही.

फटीत आत्ता काळं इंजिन होतं आणि धूळ.

एक वाजून चार मिनिटांनी बायको आली. डबा फळीवर ठेवल्याचा आवाज. बॅटरीचं बटण दाबल्याचा आवाज.

"आलात?" ती म्हणाली.

हे ती गाडीकडे बघून म्हणाली नाही. तिला तो दिसत नव्हता. फटीत उजव्या बाजूने उजेड आला, नेमका, मुळाशी.

मग डावीकडून दोन हात आले.

ते वाटेने आले नाहीत, पलीकडून पावलं वाजली नाहीत. कोणी खुर्चीत बसून टेबलावर ठेवावेत तसे ते इंजिनावर ठेवले गेले. त्यांनी एक वायर उचलली. थिंबल चढवलं. पक्कड दाबली, नट आवळला. मग दुसरी वायर, मग तिसरी. त्याने पकडीचा आवाज ऐकला आणि मनात म्हणाला, आता दोरा. हातांनी दोरा घेतला.

चार दिवस तो एकाच माणसाचा द्वेष करत होता, आणि त्या द्वेषाचा एक आधार होता. तो ओळखीचा होता. साडूच्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर फॅनबेल्टमध्ये गेलं होतं, गाठ मारताना ते थोटकं बोट बाजूला राहायचं. हे डावं बोट शाबूत होतं. दहाही बोटं शाबूत होती, लांब होती, आणि नखं स्वच्छ होती. या धंद्यात कोणाचीच नखं स्वच्छ नसतात. साडूचीही नव्हती.

मग हा कोण?

उजेड जरासा हलला. त्याबरोबर एक हात दोरा सोडून वर आला, बायकोच्या मनगटावर टेकला आणि मनगट एक बोटभर खाली नेलं. उजेड बरोबर पडला. हात तिथेच राहिला. दुरुस्तीला जेवढा लागतो त्यापेक्षा जास्त वेळ राहिला. बायकोने मनगट काढून घेतलं नाही.

"कळलं," ती हळूच म्हणाली, आणि हसली.

त्याच्या नाकासमोर, डॅशबोर्डवर, लाल दिवा लागला आणि विझला. लागला आणि विझला. किल्ली बंद होती.

त्याने किल्ली फिरवली. का फिरवली हे त्याने पुढे वहीत चार वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिलं आणि चारही खोडलं. ते हात इंजिनाच्या पंख्यापासून वीतभर अंतरावर होते, हे त्याला दिसत होतं.

इंजिन पहिल्या फेऱ्याला लागलं. बेल्ट एकदा किंचाळला आणि शांत झाला. लाल दिवा विझला तो विझलेलाच राहिला. गाडीच्या बॅटरीला लावून ठेवलेल्या मीटरवर चौदा पॉइंट दोन, म्हणजे चार्जिंग चालू.

फटीत फक्त उजेड होता.

बायको बॉनेटच्या बाजूने पुढे आली आणि काचेतून आत बघून दचकली.

"तुम्ही आत कधी बसलात?"

त्याने किल्ली बंद केली. ती पुन्हा बॉनेटच्या पलीकडे बघत होती. घाबरलेली दिसत नव्हती. बोलता बोलता कोणी उठून गेलं, तर माणूस जसा थोडा वेळ वाट बघतो, तशी ती बघत होती.

६

"मी होतो ना तिथे," तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मीच होतो. काल पण मीच."

"बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं." तिने बॅटरी बंद केली नाही. "दाखवा हात."

त्याने हात पुढे केले. तिने बॅटरीच्या उजेडात ते बघितले, पालथे, मग सुलटे. नखांतलं काळं, तळव्यावरचा जुना डाग. भाजी परत ठेवावी तसे तिने ते हळूच सोडले.

त्याने फळीवरची मोठी कटर उचलली.

"अहो, काय करताय? चालू झाली ना गाडी! ताई येईल आता चारला, शेड मिळेल. राहू द्या ते!"

"हे माझं काम नाही."

"मग कोणाचं तोडताय?"

त्याने तीनही वायरी अल्टरनेटरच्या अगदी पाठीपासून कापल्या, मग वरून जिथवर हात पोचला तिथवर पुन्हा कापल्या, आणि दोऱ्यासकट ते तुकडे पत्र्याच्या डब्यात टाकले. बायको बाजूला उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. त्या सबंध वेळात उजेड तिने नीट धरला होता, फक्त त्याच्या हातांवर नाही. त्याच्या समोरच्या रिकाम्या जागेवर.

ताई चार वाजता आली. बरोबर खटपट्या होता. इंजिन लागलं. लाल दिवा मुळात लागलाच नाही, मग विझणार काय; मीटरवर बारा पॉइंट एक, दहा मिनिटांनी अकरा पॉइंट नऊ. चार वाजून वीस मिनिटांनी ताईने भिंतीवरची शेडची किल्ली खटपट्याला दिली.

रविवारपासून वहीवाल्याची बायको बहिणीकडे राहते. खटपट्याचे टायर सोमवारी आले. खटपट्या रोज एकला कुलूप न लावता घरी जेवायला जातो आणि दोनला येतो. एक ते दोन ती बॅटरी घेऊन शेडमध्ये असते.

गाडी मंगळवारी, चोवीस नोव्हेंबरला चालू झाली. चार्जिंग चौदा पॉइंट दोन.